सापडलं पाहिजे : प्रस्तावना

देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा बागायतदारांची संकेतस्थळं साधारण जानेवारीत जागी होतात आणि पहिला पाऊस पडला की झोपी जातात. त्यांतलं कुठलंही एक उघडून पाहावं. वर मोहरलेल्या कलमाचं मोठं छायाचित्र असतं. 'आमच्याविषयी'मध्ये आजोबांनी कातळ फोडून लावलेल्या कलमांची हकिकत असते. आणि भाव? तो एका रंगीत चित्रात. व्हॉट्सॲपवर पाठवायला डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं पत्रकच जसंच्या तसं चिकटवलेलं : पाच डझनांची पेटी इतक्याला, पुणे-मुंबई घरपोच, खाली फोन नंबर. ब्राउझरच्या पट्टीवर पानाचं शीर्षक काय, तर 'होम'. इकडे कोथरूडमधल्या कुणी मोबाइलवर 'देवगड हापूस पेटी भाव' असं टाकलं की समोर येतात बडे व्यापारी आणि किराणा घरपोच देणारी ॲपं. बागायतदार म्हणतो, गुगल आम्हाला वर येऊच देत नाही. खरं तर त्याची पेटी, त्याचा भाव, त्याचं गाव यांतलं गुगलला धड वाचता येईल असं त्या पानावर काहीच नसतं.

हे पुस्तक त्या बागायतदारासाठी आहे. तारकर्लीत घरगुती निवास चालवणाऱ्यांसाठी, तालुक्याच्या गावी दवाखाना थाटलेल्या डॉक्टरांसाठी, जुने अंक इंटरनेटवर आणू पाहणाऱ्या दिवाळी अंकाच्या संपादकांसाठी, शंभरी ओलांडलेल्या वाचनालयांसाठी, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांसाठीही आहे. या सगळ्यांना मला एकच गोष्ट सांगायची आहे. मराठी संकेतस्थळं स्पर्धेत हरतात असं आपण समजतो, पण बहुतेक वेळा ती मैदानात उतरण्याआधीच बाद झालेली असतात. त्यांचा मजकूर यंत्राला नीट वाचता येत नाही. वाचता आलाच, तर लोक ज्या शब्दांत विचारतात त्या शब्दांत तो लिहिलेला नसतो. शोधयंत्राच्या बाकी करामती यानंतर येतात, आणि त्या बऱ्याच सोप्या आहेत.

शोधयंत्र काम कसं करतं याची नीट माहिती पुढे येईलच. इथे तोंडओळख पुरे. आपण प्रश्न टाकतो तेव्हा गुगल जगभर धावत सुटत नाही. ती धावाधाव आधीच झालेली असते. त्याचा बॉट एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात राहतो, सापडेल ते उचलतो आणि प्रत्येक शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याची नोंद ठेवतो. जाड ग्रंथाच्या शेवटी सूची असते ना, तशीच ही, फक्त ग्रंथ साऱ्या जगाचा. आपला प्रश्न या सूचीला विचारला जातो. तेव्हा बॉट पानापर्यंत पोचला का, पानाची नोंद झाली का आणि नोंद झालेल्यांत क्रम कितवा लागला, हे तीन निराळे प्रश्न आहेत. लोक तिसऱ्यावर पैसे खर्च करतात. घोडं बहुधा पहिल्या दोनांत अडलेलं असतं.

या पहिल्या दोन अडथळ्यांचं एक उदाहरण नेहमीचं आहे. वर्डप्रेसमध्ये संकेतस्थळ बांधताना एक चौकट असते : शोधयंत्रांनी हे स्थळ नोंदवू नये अशी विनंती करणारी. काम चालू असताना ती टिचकी मारून ठेवतात, म्हणजे अर्धवट पानं शोधात दिसत नाहीत. काम संपतं, पेढे वाटले जातात, टिचकी तशीच राहते. मग वर्ष-दीड वर्ष 'आमचं नाव टाकलं तरी आम्ही येत नाही' ही तक्रार. बॉटला 'इकडे येऊ नकोस' असं सांगणारी रोबोट्स नावाची छोटी फाइलही असते. १९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी ही रीत सुचवली आणि ती आजतागायत चालू आहे. त्या फाइलमधली एक तिरकी रेघ अख्खं संकेतस्थळ बंद करू शकते. पुस्तकाचं पहिलं प्रकरण या असल्या कुलपांवरच खर्च केलं आहे. ते नीरस आहे, पण वगळू नये.

क्रम लावण्याची गोष्ट जास्त रंगतदार आहे. १९९५च्या डिसेंबरात आलेलं अल्टाव्हिस्टा हे त्या काळचं मोठं शोधयंत्र. पानावर शब्द आहे का, किती वेळा आहे, यावर तेव्हाच्या यंत्रांची मोठी भिस्त असे. मग काय, लोकांनी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहायला सुरुवात केली. स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या विद्यार्थ्यांनी वेगळी वाट धरली. विद्वानांच्या जगात ज्या निबंधाचा हवाला जास्त जण देतात तो वजनदार मानला जातो. त्यातही वजनदार माणसाने दिलेला हवाला अधिक मोलाचा. हाच हिशेब त्यांनी पानांमधल्या दुव्यांना लावला. १९९८ साली त्यातून गुगल कंपनी उभी राहिली. लगेच दुव्यांचा बाजार भरला, हे सांगायला नकोच.

तेव्हापासून हा पाठशिवणीचा खेळ चालू आहे. त्यातला एक किस्सा मला आवडतो, कारण त्यात सापडलेला चोर गरीब नव्हता. २००६च्या फेब्रुवारीत गुगलने बीएमडब्ल्यू या कंपनीचं जर्मन संकेतस्थळच आपल्या नोंदीतून काढून टाकलं. बॉटला दाखवायला 'जुन्या गाड्या' अशा अर्थाचे शब्द खच्चून भरलेली पानं ठेवली होती. माणूस त्या पानावर आला की त्याला गुपचूप दुसऱ्या, देखण्या पानावर ढकललं जाई. काही दिवसांत ती पानं काढली गेली आणि संकेतस्थळ परत नोंदीत आलं. पुढे फेब्रुवारी २०११मध्ये 'पांडा' नावाच्या बदलाने उथळ मजकुराचे कारखाने खाली ओढले, एप्रिल २०१२मध्ये 'पेंग्विन'ने विकतच्या दुव्यांवर बडगा उगारला. पानाच्या पोटात लपवून लिहायच्या 'कीवर्ड' यादीला आपण क्रम लावताना विचारातच घेत नाही, असं गुगलने २००९ सालीच जाहीर केलं होतं. आपल्याकडचे काही 'एसईओ'वाले, म्हणजे संकेतस्थळ शोधात वर आणून देण्याचं काम घेणारे, अजून त्या यादीचे वेगळे पैसे लावतात.

आता मराठीचं दुखणं. या विषयावरच्या इंग्रजी पुस्तकांत ते कुठेच भेटत नाही.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी संगणकावर आली ती श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांच्या खांद्यावर. पडद्यावर सुबक देवनागरी दिसायची, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असायची. फॉन्टने त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला. फॉन्ट नसेल त्या संगणकावर मुखवटा गळून पडायचा. बॉटकडे फॉन्ट कुठला? त्याने ती खिचडीच नोंदवली. त्या काळात इंटरनेटवर चढवलेलं किती मराठी लेखन असं न सापडणारं होऊन बसलं, याची मोजदाद कुणी केली असेल असं वाटत नाही. आणि हा प्रकार संपलेला नाही. आजही छपाईची बरीच कामं जुन्या फॉन्टांत होतात आणि त्याच फाइलची पीडीएफ करून संकेतस्थळावर टाकली जाते. दिवाळी अंकांच्या संपादकांनी एवढंच करावं : आपल्या पीडीएफमधली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावी. तिथे मराठी उमटली तर ठीक. कंस, टिंबं आणि सुट्या रोमन अक्षरांची रांगोळी उमटली, तर अंकातली कथा, कविता, लेखकांची नावं, सगळं शोधयंत्राच्या दृष्टीने कोरं आहे. फॉन्ट बदलून देणारी साधनं मिळतात. मजकूर त्यांतून काढावा, मुद्रितशोधकाकडून एकदा तपासून घ्यावा आणि पीडीएफच्या जोडीला साधं पान म्हणून टाकावा. काम किचकट आहे, पण जुन्या अंकांच्या बाबतीत यापेक्षा फायद्याचं दुसरं काम मला माहीत नाही.

युनिकोडने प्रश्न सुटला असं म्हणावं, तर तिथेही बारीक खडे आहेत. 'हॉटेल' आणि 'हाॅटेल' हे दोन शब्द पाहा. डोळ्याला जवळपास सारखेच दिसतात. पहिल्यात 'ॉ' ही एकच मात्रा आहे, दुसऱ्यात काना देऊन त्यावर वेगळा चंद्र ठेवलेला आहे. मोबाइलच्या काही कीबोर्डांवर दुसरा प्रकार पटकन जमतो, म्हणून तो सर्रास दिसतो. यंत्राच्या लेखी हे दोन निराळे शब्द आहेत. 'ॲप' आणि 'अॅप' यांचीही तीच गत. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, तोवर 'अ'वर चंद्र ठेवून भागवलं जाई, आणि बोटांना लागलेली सवय राहून गेली. सह्याद्रीतल्या 'दऱ्या' तर आणखी अवघड : एका टंकलेखकाने 'ऱ' हे अक्षर वापरलेलं असतं, दुसऱ्याने 'र'चा पाय मोडून मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घातलेलं असतं. मोठी शोधयंत्रं यांतलं बरंच सावरून घेतात. पण तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची शोधपेटी बहुतेकदा घेत नाही, आणि तिथे 'हॉटेल' शोधणाऱ्याला 'काही सापडले नाही' असं उत्तर मिळतं. संपादकाने एकदा बसून शोधा-आणि-बदला चालवलं की तासाभरात निकाल लागतो.

पत्त्याचं त्याच्या उलट : तिथे अडचण यंत्राची नसून माणसांची आहे. संकेतस्थळाच्या पानाचा पत्ता देवनागरीत असावा असा आग्रह काही भाषाप्रेमी धरतात. देवनागरी पत्ता गुगलला नीट समजतो, त्यात अडचण काहीच नाही, '.भारत' ही पत्त्यांची सोयही २०१४पासून आहे. मात्र असा पत्ता उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवला की देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसकट नऊ-नऊ रोमन चिन्हांत पसरतं. 'पुणे' या एवढ्याशा शब्दाची छत्तीस चिन्हं होतात. लांबलचक भेंडोळं पाहून लोक त्यावर बोट ठेवायला बिचकतात, मधे तुटलं तर दुवा मरतो. माझं मत रोमन लिपीतल्या छोट्या पत्त्याच्या बाजूने आहे. मराठीचा अभिमान पानाच्या आत दाखवायला भरपूर जागा आहे.

लोक विचारतात कसं, यावर पुस्तकाची तीन प्रकरणं आहेत आणि तरी ती मला अपुरी वाटतात. सातबाऱ्याचंच घ्या. शेतकरी 'सातबारा' लिहितो, 'सात बारा' लिहितो, मधे तिरकी रेघ देऊन '७/१२' लिहितो, तेच इंग्रजी आकड्यांत लिहितो, नाहीतर सरळ रोमन लिपीत टाकतो. सरकारी भाषेत मात्र ते 'गाव नमुना सात : अधिकार अभिलेख पत्रक' आणि 'गाव नमुना बारा'. वकिलाने आपल्या संकेतस्थळावर फक्त 'अधिकार अभिलेख' लिहिलं, तर ते बरोबर आहे आणि कुणालाही सापडणार नाही. दोन्ही लिहावं, शीर्षकात लोकांचा शब्द, मजकुरात दफ्तराचा. त्यात मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि शब्दाचं रूपही बदलून टाकतात : आंबा, आंबे, आंब्याचा, आंब्यांच्या. हिंदीत 'आम का भाव' हे तीन शब्द सुटे राहतात. आपल्याकडे 'आंब्याचा'मधून 'आंबा' ओळखणं यंत्राला शिकवावं लागतं. २०१९मध्ये बर्ट हे भाषेचं प्रारूप शोधात आणल्यापासून गुगलची समज एकंदरीत सुधारली आहे. तरी शीर्षकात मूळ रूप एकदा स्पष्ट यावं, हे मी सुचवेन. मजकुरात तेच रूप ठोकून ठोकून लिहायची गरज नाही. आपण मराठीत सहज लिहितो तेव्हा सगळी रूपं आपोआप येतात.

शिवाय लोक आता टाइप करण्याऐवजी बोलतात. २०१७च्या ऑगस्टमध्ये गुगलने मराठीत बोलून शोधण्याची सोय दिली आणि प्रश्न लांब झाले. 'संकष्टी चंद्रोदय' असं त्रोटक लिहिणारी व्यक्ती फोनला मात्र 'आज संकष्टीला चंद्र किती वाजता उगवणार' असं विचारते. चंद्रोदयाची वेळ नागपूरला वेगळी, मुंबईला वेगळी. ज्याने गावांप्रमाणे वेळा मांडल्या त्याचं पान कामाचं.

हे शब्द मिळवायचे कुठून? गुगलची शोधपेटी अर्धा शब्द टाकला की सूचना देते, त्या उतरवून घ्याव्यात. गुगल सर्च कन्सोल हे फुकट साधन आहे. कोणत्या प्रश्नांना तुमचं पान दिसलं आणि कितीदा त्यावर टिचकी पडली, याची सोळा महिन्यांची नोंद त्यात राहते. पण सगळ्यात चांगला झरा म्हणजे दुकानाचा फोन. आंबेवाल्याला मोसमभर तेच तेच प्रश्न येतात : पेटीत आंबे किती? कच्चे पाठवता की पिकलेले? पिकायला किती दिवस? कार्बाइड नाही ना घालत? एखादा खराब निघाला तर? यातल्या प्रत्येकाला संकेतस्थळावर चार ओळींचं खरं उत्तर द्यावं. कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे, हे लिहावं. आपण पेंढ्यात कसे पिकवतो, तेही लिहावं. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची नोंदणी असेल तर ती दाखवावी. पानाचं शीर्षक 'होम' काढून 'देवगड हापूस आंबा : ५ डझनांची पेटी, पुणे-मुंबई घरपोच' असं करावं. भाव चित्रातून काढून अक्षरांत आणावा. आणि जूनमध्ये पान उडवू नये. दर वर्षी नवा पत्ता घेऊन नवं पान करणारे बागायतदार गेल्या मोसमाची सगळी पत घालवून बसतात. तोच पत्ता ठेवून 'यंदाचा मोसम संपला, नोंदणी फेब्रुवारीत' एवढी ओळ टाकली तरी पुरते.

दुव्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक गंमत आहे. मराठी माणूस चांगलं काही दिसलं की ते पाठवतो, अगदी उदंड पाठवतो, पण व्हॉट्सॲपवर. कुटुंबाच्या, सोसायटीच्या, शाळेच्या वर्गमित्रांच्या गटांत एखादा लेख लाखभर फिरला तरी बॉटला त्यातलं काही दिसत नाही. एका महाविद्यालयाच्या किंवा तालुक्याच्या साप्ताहिकाच्या संकेतस्थळावरून आलेला एक दुवा इथे जास्त उपयोगी. तो विकत घेऊ नये, मागावा. गावच्या जत्रेची माहिती तुम्ही नीट लिहिली असेल तर ती वापरा आणि खाली दुवा द्या, असं सांगायला संकोच कशाला?

वेगाबद्दल थोडक्यात. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गुगलचं माप आहे. एसटी स्टँडवर, दोन काड्यांच्या नेटवर्कवर, पाच-सहा एमबीचं मोहरलेलं कलम उघडायला किती वेळ लागतो ते स्वतः पाहावं. देवनागरी फॉन्टांत जोडाक्षरांमुळे आकृत्या पुष्कळ, म्हणून फाइलही जड. तीन-तीन फॉन्ट लादू नयेत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्ता' फुकट मिळतो आणि बहुतेक कामांना पुरतो.

राहता राहिले 'महिन्यात पहिल्या नंबरवर आणतो, लेखी देतो' म्हणणारे. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच्या मार्गदर्शनात सांगतं. हमी देणारा बहुधा तुमचं दुकानाचं नाव टाकून ते पहिलं आलेलं दाखवतो. ते येणारच, त्या नावाचं दुसरं आहे कोण? तुमचं नाव ज्याने कधी ऐकलेलं नाही अशा गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला काय दिसतं ते विचारावं, म्हणजे संभाषण लवकर आटोपतं. या क्षेत्रात जाणकार आणि प्रामाणिक माणसं आहेत. ती आधी तुमचं पान वाचतात, मग आकडा सांगतात.

पुस्तक लिहीत असतानाच पायाखालची जमीन हलू लागली, हेही नोंदवायला हवं. ऑगस्ट २०२४मध्ये गुगलने भारतात शोधाच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले सारांश दाखवायला सुरुवात केली. उत्तर तिथेच मिळालं की खाली कोण उतरतो? चंद्रोदयाची वेळ, पिनकोड, टपाल कार्यालयाचं नाव अशी एका ओळीत संपणारी माहिती देऊन वाचक मिळवणाऱ्या संकेतस्थळांना याचा फटका बसणार, आणि त्यांना धीर द्यायला माझ्याकडे काही नाही. ज्यांच्याकडे पेटी विकत घ्यायची आहे, खोली राखून ठेवायची आहे, कथा पूर्ण वाचायची आहे, त्यांच्याकडे माणसाला यावंच लागेल. सारांश करणारं यंत्रही कुठलं तरी पान वाचूनच बोलतं. मराठीत वाचण्याजोगी पानं मुळात कमी. एखाद्या विषयावर नीट लिहिलेलं एकच मराठी पान असेल, तर यंत्राला त्याच्याकडेच यावं लागतं, मग ते यंत्र जुन्या पद्धतीचं असो की नव्या. इंग्रजीत ही चैन नाही.

जाहिरातींबद्दल आणि समाजमाध्यमांबद्दल या पुस्तकात जवळपास काहीच नाही. तो खर्चाचा विषय आहे आणि त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. प्रकरणं क्रमाने वाचावीत असंही नाही. आधी गुगलच्या शोधपेटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि लगेच आपल्या संकेतस्थळाचा पत्ता टाकून पाहा. नोंदवलेल्या पानांचा ढोबळ अंदाज येतो. एकही पान आलं नाही, तर पहिलं प्रकरण उघडा. पानं आली पण त्यांच्या शीर्षकांत 'होम', 'होम', 'अनटायटल्ड' असं लिहिलेलं दिसलं, तर थेट चौथं. पीडीएफच पीडीएफ दिसल्या, तर दुसरं प्रकरण वाचताना एक मुद्रितशोधक शेजारी बसवून घ्या.